हमालांची मुले आणि शिडांची जहाजे

गेल्या दिवाळीनंतर आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची जी सभा झाली, तीत एका तरुण सभासदाने एक सूचना मांडली. विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी पुस्तके, गणवेश व फी दिली जाते, तेवढ्यावर न थांबता बाजार आवारातील हमाल, गाडीवान व तोलणार यांच्या सहा मुलांस शिडाची नौका चालविण्याच्या शिक्षणासाठी समुद्रावर पाठवावे, अशी ती सूचना होती. सभेत हशा पिकला. खरे सांगावयाचे तर पहिले हसणारे आम्हीच होतो. "पोरांना भाकरी द्या, वाऱ्याने पोट भरत नाही," असे आम्ही बोललोही. सूचना बारगळली, चहा आला आणि सभा उठली.

त्या हसण्याचा आम्हांस पुढे पश्चात्ताप झाला, आणि तो का झाला हे सभासदबंधूंच्या कानी घालावे म्हणून हा लेख. आम्ही मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. परंतु ज्या मालावर गेली चाळीसएक वर्षे आमचे घर चालले, त्या मालाविषयी कोठे काही छापलेले आढळल्यास ते वाचल्याशिवाय आम्ही सोडीत नाही. त्या तरुणास ही खोड ठाऊक असावी. सभेनंतर त्याने काही कागद आमच्या हाती ठेवले आणि म्हणाला, "काका, यात धान्य आहे. सवडीने वाचा."

आणि खरोखरच त्यात धान्य होते. शिडांच्या मोठ्या जहाजांचा जगातला अखेरचा धंदा धान्याचा होता, हे आम्हांस वयाच्या साठीनंतर कळले. आगबोटींनी प्रवासी नेले, टपाल नेले, चहा नेला, लोकर नेली. शेवटी शिडांच्या वाट्यास उरले ते गहू आणि जव. दक्षिण ऑस्ट्रेलियात स्पेन्सर आखाताच्या काठी लहान लहान बंदरे आहेत. तेथे पोती भरावयाची आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या हॉर्न भूशिराला वळसा घालून शंभर-सव्वाशे दिवसांनी इंग्लंड गाठावयाचे. फिनलंडच्या ओलांड बेटांतील मारिएहाम्न गावचे गुस्ताफ एरिक्सन नावाचे जहाजमालक दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा धंदा मोठ्या प्रमाणावर करीत होते. गव्हाला घाई नसते आणि वाऱ्याला भाडे पडत नाही. शिवाय माल समुद्रावर असेतो गोदामाचे भाडेही नाही! विलायतेतला व्यापारी तेजी-मंदी पाहून तो वाटेतच विकून टाकी आणि जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याशी आले, म्हणजे कोणत्या बंदरी खाली करावयाचे याचा हुकूम त्यास मिळे. हे वाचून आमच्यातला आडत्या सुखावला, हे लपवीत नाही. जहाजावरचे हात मात्र बहुधा सोळा ते वीस वर्षांच्या उमेदवारांचे असत. त्यांना पगार नाममात्र मिळे, आणि कित्येकांचे आईबापच शिकवणुकीसाठी उलट पैसे भरीत.

१९४९ साली पामीर आणि पसाट ही दोन जहाजे ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट व्हिक्टोरियाहून धान्य घेऊन निघाली, ती त्या मार्गावरची शेवटची. पुढे दोन्ही जर्मनांकडे गेली आणि तेथे त्यांवर माल आणि शिकाऊ मुले अशी दोन्ही ओझी चढली. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पामीर ब्युनोस आयरिसहून ३,७८० टन जव घेऊन निघाले. जहाजावर ८६ माणसे होती, त्यांपैकी ५२ शिकाऊ मुले. २१ सप्टेंबरला अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येस चक्रीवादळाने त्यास गाठले, जहाज एका अंगावर कलंडले ते उठलेच नाही. सहा माणसे वाचली, ८० बुडाली.

आता यात व्यापाऱ्याने नजर ठेवावी अशी बाब आहे. ती जव पोत्यांत नव्हती. बहुतेक सारी सुटी ओतलेली होती, वर थोडी पोती दाबासाठी मांडलेली. गोदी कामगारांच्या संपामुळे माल सारखा करण्याचे काम जहाजावरच्या माणसांनीच उरकले होते. जव हे किती घसरडे धान्य आहे हे आपल्यापैकी ज्यांनी खळ्यावर किंवा गोदामात त्याची रास पाहिली आहे, त्यांना निराळे सांगावयास नको. रास जरा कलली की पाण्यासारखी वाहू लागते. १९५८ च्या जानेवारीत ल्युबेक येथे चौकशी झाली, तीत जहाज बुडण्याच्या कारणांत माल नीट न भरल्याचा आणि तो एका बाजूस सरकल्याचा दोष सांगितला गेला. पामीर बुडाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत पसाटवरही जव सरकली होती. ते जहाज कसेबसे लिस्बनला पोहोचले आणि पुन्हा मालवाहतुकीस निघाले नाही.

हे वाचून त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कारण सांगतो.

१९९४ च्या पावसाळ्यात आमच्या गोदामात तुरीची थप्पी कोसळली. खाली आमच्याकडे पंधरा वर्षे पोती वाहणारा एक हमाल सापडला. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. आम्ही दवाखान्याचा खर्च केला, चार महिने निम्मी मजुरी घरी पोहोचवली आणि पुढे त्यास पेढीवर झाडलोटीचे व पोती मोजण्याचे हलके काम दिले. बाजारात आमची वाहवा झाली. शेठजींनी माणुसकी दाखवली, असे लोक म्हणाले आणि आम्हीही तसेच समजत आलो. परंतु भाव चढेल या आशेने, जागा नसता, ओल आलेल्या फरशीवर नेहमीपेक्षा तीन थर अधिक चढवावयास कोणी सांगितले होते? आम्हीच. मुकादमाने "थप्पी झुकेल" म्हणून हटकले होते, त्यालाही आम्ही गप्प केले होते. ही गोष्ट आजवर आम्ही घरातही बोललो नव्हतो.

सभेत त्या सूचनेवर सर्वांत मोठा आक्षेप हाच आला होता, की लोकांची मुले समुद्रावर धाडायची आणि काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? प्रश्न योग्य आहे आणि तो पुसून टाकावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. २०१० साली इंग्लंडात मुलांना शिकविणाऱ्या रॉयलिस्ट या जहाजाच्या डोलकाठीवरून पडून चौदा वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत ब्राझीलच्या किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर काँकॉर्डिया हे कॅनडाचे शाळाजहाज उलटले. परंतु त्यावरील ६४ जण तराफ्यांत उतरले, दीडएक दिवस लाटांवर काढला आणि सर्वच्या सर्व घरी गेले. संकटात तराफे कसे सोडावयाचे याची तालीम त्यांना आधीच मिळालेली होती. म्हणजे धोका आहेच, आणि तो कमी करण्याची विद्याही आहे. आमचा प्रश्न एवढाच, की त्याच सहा मुलांचे बाप रोज आपल्या दारी क्विंटलाची पोती पाठीवर घेऊन उभ्या फळीवरून चढत होते, त्या वेळी जबाबदार कोण हा प्रश्न आपल्या किती सभांत निघाला?

दुसरा आक्षेप एका वडीलधाऱ्या सभासदांनी घेतला, तो अधिक खोल होता. ते म्हणाले, गरिबाच्या मुलास समुद्रावर पाठविणे म्हणजे दान की अडगळ दूर करणे? याचा इतिहास पाहू जाता त्यांच्या शंकेत पुष्कळ तथ्य आहे.

१७५६ साली लंडनमध्ये मरीन सोसायटी नावाची संस्था निघाली. तिचे प्रमुख प्रवर्तक जोनास हॅनवे हे रशियाशी व्यापार करणारे एक सावकारी वळणाचे गृहस्थ. लंडनच्या रस्त्यावर छत्री घेऊन फिरणारा पहिला पुरुष अशी त्यांची ख्याती आहे. लोक टवाळी करीत, पण यांनी छत्री सोडली नाही. चहाचे मात्र ते हाडवैरी होते, तेव्हा आपल्या सभेत त्यांचे जमले नसते. युद्ध सुरू झाले होते, आरमारास माणसे हवी होती आणि लंडनच्या गल्ल्यांतून अनाथ, उपाशी मुले हिंडत होती. त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांतून ताप जहाजावर पसरे, म्हणून सोसायटीने प्रथम त्यांना धुऊन-पुसून नवे कपडे दिले आणि मग आरमारात भरती केले. १७६३ पर्यंत मोठी माणसे व मुले मिळून दहा हजारांवर जणांस तिने असे पाठविले. पैसा बहुतांशी व्यापाऱ्यांचा होता. व्यापाऱ्यांस आरमार हवे होते, कारण आरमारावाचून त्यांची जहाजे सुरक्षित नव्हती. दान आणि वायदा एकाच वहीत लिहिले गेले होते! ती मुले उपाशी मेली असती हेही खरे, आणि त्यांतली पुष्कळ लढाईत व रोगाने मेली असतील हेही खरेच. हॅनवे १७८६ साली वारले, त्याच वर्षी सोसायटीने टेम्स नदीत डेप्टफर्डजवळ नांगरलेल्या जहाजावर मुलांची शाळा काढली. संस्था आजही आहे. २००४ साली ती सी कॅडेट्स या मुलांच्या संघटनेशी एकत्र झाली.

पुढच्या शतकात अशी नांगरलेली जहाजे इंग्लंडात ठिकठिकाणी झाली आणि त्यांपैकी काही उघड उघड तुरुंग होते. त्यातले एक तर आपल्या मुंबईचे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडात बांधलेले वेलस्ली हे ७४ तोफांचे जहाज १८१५ साली पाण्यात उतरले. लढाया संपल्यावर १८६८ साली त्याचे नाव कॉर्नवॉल ठेवून किरकोळ गुन्ह्यांत सापडलेली पोरे सुधारण्यासाठी ते टेम्सवर नांगरले गेले. १९४० साली जर्मन बॉम्बने ते निकामी होऊन बुडाले. त्याच वाडियांनी १८१७ साली बांधलेल्या ट्रिंकोमाली या जहाजाचे नशीब बरे. एका खासगी गृहस्थाने १८९७ साली ते विकत घेऊन मुलांच्या शिक्षणास लावले, १९८६ पर्यंत फुद्रोयाँ या नावाने त्यावर कित्येक पिढ्यांची मुले राहून गेली, आणि आज ते हार्टलपूल येथे पाण्यावर जतन करून ठेवलेले आहे. आपल्या देशाच्या सागवानावर परक्या देशाची गरीब मुले वाढली, याचा आनंद मानावा की खंत, हे आम्हांस ठरविता येत नाही.

असो. वडीलधाऱ्यांच्या शंकेचे उत्तर आम्हांस सापडले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. लिव्हरपूलच्या ब्लू फनेल कंपनीचे लॉरेन्स हॉल्ट हे जहाजमालक. त्यांच्या बोटी टॉर्पेडोंनी बुडत तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की बचावनौकांत तरणी, धडधाकट पोरे आधी धीर सोडतात आणि शिडांच्या जहाजांवर जन्म काढलेले म्हातारे खलाशी तग धरतात. हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांना त्यांनी हे सांगितले, आणि दोघांनी मिळून १९४१ साली वेल्समध्ये अॅबरडोव्ही येथे महिनाभराच्या शिक्षणाची एक सागरी शाळा काढली. तीत कारखान्यातले उमेदवार आले, जहाज कंपन्यांची पोरे आली आणि चांगल्या शाळांतली सुखवस्तू मुलेही आली. मुलांना खलाशी करावयाचे नाही, समुद्राकडून त्यांची घडण करून घ्यावयाची, असा हॉल्ट यांचा आग्रह होता. हॅनवे यांना खलाशी हवे होते; हॉल्ट यांच्या शाळेतून निघालेला मुलगा पुढे सुतार झाला काय किंवा कारकून झाला काय, त्यात शाळेचे नुकसान नव्हते.

शिडाच्या जहाजावर असे काय असते? आम्ही स्वतः समुद्रावर गेलेलो नाही. वाचलेले व त्या तरुणाकडून ऐकलेले सांगतो. तेथे चोवीस तासांच्या पाळ्या पाडतात. मध्यरात्री बारा ते पहाटे चार ही पाळी ज्याच्या वाट्यास येईल त्याने उठावयाचे, मग तो कोणाचाही मुलगा असो. मोठे शीड एकट्यास ओढता येत नाही. दहा जणांनी एकाच वेळी दोरास हात घालावा लागतो, आणि त्यात एकाने अंग चोरले तर बाकीच्या नवांस तत्काळ कळते. सुकाणू धरणाऱ्याच्या हाती सर्वांचा जीव. भांडी घासणे पाळीपाळीने. तांडेल सांगेल ते प्रथम करावयाचे आणि मग विचारावयाचे, कारण वारा थांबत नाही. १९५६ साली टॉर्के या इंग्लंडच्या गावाजवळच्या टॉरबेपासून लिस्बनपर्यंत अशा जहाजांची पहिली मोठी शर्यत झाली. आज त्या शर्यतींचा नियम असा आहे, की जहाजावरील निम्मी माणसे १५ ते २५ या वयाची हवीत.

आम्हांस विशेष भावली ती लॉर्ड नेल्सन या जहाजाची हकीकत. १९८६ साली त्याची पहिली सफर झाली. चालकांनी योजना अशी केली होती, की निम्मे अपंग व निम्मे धडधाकट, आणि प्रत्येक अपंगास एक धडधाकट जोडीदार. चाकांच्या खुर्चीवरील माणूससुद्धा दोरांनी डोलकाठीवर चढविला जाई. २००० साली टेनेशियस हे दुसरे जहाज बांधले, त्याच्या लाकूडकामात अपंगांनीही हात लावला. परंतु जहाज म्हणजे न संपणारा खर्च. पैसा पुरेना; लॉर्ड नेल्सन २०१९ साली बाजूस काढावे लागले आणि २०२३ साली ती संस्थाच बंद पडली. तेव्हा भावनेच्या भरात जहाज विकत घेण्याच्या गोष्टी कोणी करू नयेत. ज्याने धंद्यात हिशेब ठेवला आहे त्याने येथेही ठेवावा.

या जोडीदाराच्या योजनेतूनच आमचे मत बनले, आणि ते बहुतेक सभासदांस रुचणार नाही. सहा मुले हमालांची पाठविणे आम्हांस मान्य नाही. तीन त्यांची व तीन आपली, असे असावे. निधीतून आपण फी भरतो तेव्हा तो मुलगा पेढीवर येतो, जोडे बाहेर काढतो, उभा राहतो, पाया पडतो आणि पाकीट घेऊन जातो. आम्ही एका मुलाची फी दोन वर्षे भरली. तिसऱ्या वर्षी तो नापास झाला आणि मग बाजारात आम्हांस पाहून गल्ली बदलू लागला. फी दिल्याने आमचे आणि त्याचे नाते असे झाले, की नापास होण्याची लाज त्यास आईबापांपेक्षा आमची अधिक वाटली. ज्या दोराच्या एका टोकाला त्याचा हात आणि दुसऱ्या टोकाला आमच्या नातवाचा हात असेल, तेथे असे होणार नाही असे आम्हांस वाटते.

यावर घरातूनच पहिला प्रश्न आला, तो जेवणाचा. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल काय? कांदा-बटाटा टाळता येईल काय? आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. आठ दिवसांच्या किनाऱ्यालगतच्या शिक्षणात वेगळा स्वयंपाक ठेवणे अवघड नाही, आणि सर्वच सहा मुलांनी तोच जेवावा हे उत्तम. समुद्र आपल्यास वर्ज्य आहे असे म्हणणाऱ्यांस मात्र आम्ही दोन नावे सांगू. कच्छात भद्रेश्वरचे जगडूशाह हे तेराव्या शतकातले जैन व्यापारी; त्यांची जहाजे इराणच्या बाजूस जात, आणि त्यांनीच १२५६ ते १२५८ च्या दुष्काळात कोठारे उघडून धान्य वाटले. आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद तर आजोबांच्या तोंडून ऐकलेले. त्यांच्या सिंदिया कंपनीची लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेस निघाली, आणि तो दिवस आज देशात नौवहन दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या देशात या दिशेने काही झालेच नाही असे नाही. हैदराबादेत हुसेनसागरावर २००९ साली निघालेल्या याट क्लबाने वस्त्यांतील गरीब मुलांस लहान शिडाच्या होड्या शिकविल्या आणि त्यांतल्या काहींनी राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळविली. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकलेली नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी. इंदूरकर सभासदांस ती आपल्या शेजारची. हांगचौच्या आशियाई स्पर्धांत सप्टेंबर २०२३ मध्ये तिने शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक आणले. समुद्र न पाहिलेल्या मुलखातून हे घडले. आणि आम्ही बेळगावकर तर समुद्रापासून चार तासांवर आहोत! वास्कोच्या गोवा शिपयार्डात बांधलेली तरंगिणी १९९७ साली आणि सुदर्शिनी २०१२ साली नौदलात दाखल झाली. तरंगिणीचा आराखडा कॉलिन मडी यांचा, ज्यांनी वर सांगितलेली लॉर्ड नेल्सन आखली होती. ही दोन्ही जहाजे नौदलाच्या शिकाऊंसाठी आहेत, आपल्या मुलांस त्यांवर जागा मागणे वेडेपणा होईल. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत मात्र शिडाच्या होड्यांचे शिक्षण मिळते, आणि त्यासाठी गरिबास पैसा पडत नाही. गोव्यातच बांधलेल्या तारिणी नौकेने २०१७-१८ साली सहा महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा मुलींना वगळण्याचेही कारण उरलेले नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. पुढील वार्षिक सभेत हा विषय पुन्हा यावा. पहिले वर्ष फक्त पोहणे. ज्यास पन्नास हात पाणी कापता येत नाही त्यास होडीत बसवू नये. दुसऱ्या वर्षी गोव्याच्या किनाऱ्यावर लहान होड्यांचे शिक्षण, जाणत्या संस्थेकडूनच, विमा उतरवून, तरंगती जाकिटे आपल्या पैशाने घेऊन. किनाऱ्याने कारवार किंवा मालवणपर्यंतची सफर त्यानंतर, आणि तीही शिक्षकांनी होकार दिला तरच. आईबापांची संमती कागदावर घेताना त्यांना धोका मराठीत व कन्नडात समजावून सांगावा; ते आपल्या पेढीवर कामास आहेत म्हणून हो म्हणत नाहीत ना, याची खात्री करून घेण्याचे काम पेढीमालकाने करू नये, मंडळाने दुसऱ्या कोणाकडे द्यावे. आडतीच्या पट्टीत पूर्वी पोत्यामागे जो धर्मादाय निघे, त्यातूनच हा निधी उभा राहिला आहे. ती पोती कोणाच्या पाठीवरून आली हे वहीत लिहिलेले नाही.

ज्या हमालाचा पाय आमच्या गोदामात गेला, त्याचा नातू यंदा दहावीत आहे. त्या सहा नावांत त्याचे नाव होते, हे आम्हांस सभेनंतर कळले. आम्ही त्याच्या आजोबांस बोलावून सारे सांगितले, थप्पीचेही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थप्पी झुकली होती, ते मलाही दिसलं होतं शेठजी. पण तुम्ही म्हणालात, म्हणून मी गेलो." नातवाविषयी मात्र त्यांनी हो किंवा नाही असे काहीच सांगितले नाही, मुलाच्या आईला विचारतो म्हणाले.

आमचा नातू मे महिन्यापासून रोज सकाळी तलावावर जातो. तो अजून पाण्यात तोंड घालावयास भितो.